तंजावरचे सरफोजीराजे : अंधाऱ्या खोलीपासून नेत्रचिकित्सेपर्यंत

१७९३ साली पंधरा वर्षांचा एक मराठी राजपुत्र तंजावरहून मद्रासला आला. त्याच्या सोबत त्याच्या दिवंगत दत्तक पित्याच्या राण्या होत्या. मुलगा गादीचा वारस होता. पण गादीवर दुसरेच कोणी बसले होते. तो मद्रासला आला तो जीव सुरक्षित राहावा आणि शिक्षण मिळावे म्हणून. आज ज्या शहराला आपण चेन्नई म्हणतो, त्या शहराने या मुलाला पाच वर्षे आश्रय दिला, अक्षरे दिली, शास्त्रे दिली आणि मग त्याला त्याच्या राजधानीकडे परत पाठवले. हा मुलगा म्हणजे तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे.

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एखाद्या राजाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की सरफोजीराजांच्या आयुष्यात लढाया नाहीत. आहेत ती पुस्तके, शाळा, छापखाना आणि रुग्णालय. राज्य हातातून गेल्यानंतर माणसाने काय करावे, याचा त्यांनी घालून दिलेला धडा हा मुख्यतः शिक्षणाचा धडा आहे. शिवाय डोळ्यांच्या रोगांच्या त्यांनी जतन केलेल्या नोंदी दोनशे वर्षांनी चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांच्या हाती आल्या, आणि डोळा व मेंदू यांच्या नात्याचा जो शोध आजही चालू आहे, त्याच्या मुळाशी असलेली शिस्त त्या नोंदींत स्पष्ट दिसते.

तंजावरची गादी

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तमिळ भाषेच्या आणि चोळांच्या प्राचीन मंदिरांच्या प्रदेशात, मराठी दरबार सुमारे पावणेदोनशे वर्षे नांदला. तेथे मराठीबरोबर तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषाही राजाश्रयाने वाढल्या. हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत, कीर्तन मराठीत आणि नृत्याची पदे तमिळ-तेलुगूत, असा तो दरबार होता.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळातच झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. १७८७ साली, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचा हात श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती दिला. क्रिस्टियन फ्रीडरिश श्वार्ट्‌झ हे धर्मप्रसारासाठी आलेले पाद्री. परंतु त्यांच्या सचोटीवर दरबाराचा, कंपनीचा आणि शेजारच्या राज्यांचाही विश्वास होता. तुळजाजींनी मुलाच्या संगोपनासाठी त्यांची निवड केली, यातच त्या विश्वासाचे माप आहे.

तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी दत्तविधानावर आक्षेप घेतला. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे आणि त्याचे वय दत्तकास योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पंडितांचा कौल त्यांच्या बाजूने गेला आणि कंपनी सरकारने अमरसिंगांना गादीवर बसवले. सरफोजी वाड्यातच राहिले, पण कैद्यासारखे. त्यांना उजेड न येणाऱ्या खोलीत कोंडून ठेवले होते, शिक्षणाची सोय नव्हती, अशी हकीकत त्या काळच्या लेखनातून समजते. ज्या वयात मुलाने पाटीवर अक्षरे गिरवायची, त्या वयात या मुलाला दिव्याच्या उजेडात दिवस मोजावे लागले. श्वार्ट्‌झ यांनी कंपनीकडे वारंवार तक्रारी केल्या, पहारा बदलवला, शिक्षक नेमवले. आणि अखेर १७९३ साली मुलगा व राण्या मद्रासला हलवण्यात आल्या.

मद्रासचे दिवस

मद्रासमध्ये सरफोजींच्या शिक्षणाची जबाबदारी गेरिके या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याकडे आली. गेरिके यांचे काम वेपेरी भागात होते. आज चेन्नई सेंट्रलहून पश्चिमेकडे जाताना ज्या वेपेरीच्या गजबजलेल्या रस्त्यांतून आपण जातो, तेथेच अठराव्या शतकाच्या अखेरीस मिशनची वसाहत, छापखाना आणि शाळा होती. येथे राजपुत्र इंग्रजी शिकला. भूगोल, गणित, इतिहास, निसर्गशास्त्र यांची ओळख झाली. युरोपात त्या वेळी रसायनशास्त्र नव्याने उभे राहत होते आणि वनस्पतींचे वर्गीकरण होत होते. त्या नव्या जगाची खिडकी या मुलासाठी मद्रासमध्ये उघडली.

दोन गोष्टी येथे लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, सरफोजींनी आपल्या गुरूंचा धर्म स्वीकारला नाही. ते अखेरपर्यंत शिवभक्त हिंदू राहिले. दुसरी, त्यांनी गुरूंचे ऋण कधी नाकारले नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्‌झ यांचे तंजावरला निधन झाले. पुढे सरफोजींनी लंडनचे प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक घडवून आणले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरू आणि त्यांचा हात हाती घेतलेला तरुण राजा, असे ते शिल्प आहे. त्यावरील इंग्रजी पद्य स्वतः सरफोजींनी रचले. विद्यार्थ्याने शिक्षकाला वाहिलेली अशी आदरांजली आपल्या इतिहासात विरळाच.

या दरम्यान दत्तकाच्या प्रश्नावर पुन्हा विचार झाला. श्वार्ट्‌झ यांनी तो नेटाने कलकत्त्यापर्यंत नेला, नव्याने पंडितांची मते घेतली गेली आणि कौल सरफोजींच्या बाजूने लागला. २९ जून १७९८ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते तंजावरच्या गादीवर बसले.

राज्य गेले, राजधानी उरली

गादी मिळाली, पण राज्य मिळाले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि त्याच्या भोवतीचा थोडा भाग उरला. त्याशिवाय वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. एखाद्याने ही रक्कम ऐषारामात उडवली असती आणि त्याला फारसे कोणी नावही ठेवले नसते. त्या काळात नावापुरती सत्ता उरलेल्या कित्येक संस्थानिकांनी तेच केले. कंपनीशी जुळवून घेण्याची सरफोजींचीही रीत होतीच. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकिनारी मनोरा उभारला, तो अजून उभा आहे. पण या नेमणुकीचा मोठा भाग त्यांनी ज्या गोष्टींवर खर्च केला, त्यामुळे त्यांचे नाव टिकले.

१८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. राज्य गेलेल्या राजाने आपल्या वंशाचा वृत्तांत दगडावर आणि आपल्या भाषेत नोंदवून ठेवावा, ही घटना पुरेशी बोलकी आहे. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायक राजांच्या काळापासून चालत आलेले होते. त्याला आजचे स्वरूप सरफोजींनी दिले. १८२० मध्ये ते सुमारे तीन हजारांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले आणि येताना हस्तलिखितांचा मोठा संग्रह बरोबर आणला. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन ग्रंथ मागवले. त्यांपैकी अनेकांवर त्यांची सही आहे. ताडपत्रे, पोथ्या, नकाशे, चित्रे आणि मोडी कागदपत्रांचे रुमाल एका छताखाली आले.

१८०५ मध्ये त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. दक्षिण भारतातील हा असा पहिलाच छापखाना. मुंबई-पुण्याकडे मराठी पाठ्यपुस्तकांची छपाई सुरू होण्याच्या बरीच आधी तंजावरला इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. नवविद्याकलानिधी शाळेत वेद आणि शास्त्रे यांच्या जोडीला भाषा, विज्ञान, कला आणि हस्तोद्योग शिकवले जात. राजांनी स्वतः मराठीत देवेंद्र कुरवंजी हे नाटक लिहिले. त्यात एक कुरवंजी स्त्री जगाच्या भूगोलाचे वर्णन करते. तमिळ लोकनाट्याचा साचा, मराठी भाषा आणि युरोपातून आलेला भूगोल, असा हा मेळ. आपला राजा आपल्याला भूगोल शिकवतो आहे, आणि तोही नाटकातून, हे पाहून तंजावरच्या मुलांना किती मौज वाटली असेल!

धन्वंतरी महाल

सरफोजींच्या सर्व उद्योगांत त्यांना सर्वांत जवळचा होता तो वैद्यकाचा. धन्वंतरी महाल या नावाने त्यांनी एक संस्था उभारली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारी मंडळी एकत्र काम करीत. औषधे तयार होत, रुग्णांवर त्यांचा उपयोग केला जाई आणि परिणाम लिहून ठेवला जाई. माणसांबरोबर जनावरांच्या रोगांवरही तेथे काम होत असे. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढवली गेली. अनुभवाला उतरलेले उपाय तमिळ पद्यांत गुंफून ठेवले गेले, म्हणजे गावोगावचे वैद्य ते पाठ करू शकतील. शरीररचना समजावी म्हणून राजांनी मानवी सांगाड्याची प्रतिकृती मिळवली. कारण खऱ्या अस्थींना स्पर्श करणे त्यांच्या आचारात बसणारे नव्हते. आचारही राखावा आणि ज्ञानही सोडू नये, असा त्यांचा मार्ग होता.

यातील डोळ्यांच्या उपचारांचा भाग विशेष आहे. सरस्वती महालातील हस्तलिखितांमध्ये नेत्ररुग्णांच्या इंग्रजीत लिहिलेल्या नोंदी आहेत. रुग्णाचा वृत्तांत, डोळ्याची अवस्था, केलेला उपचार, असा त्यांचा क्रम आहे आणि त्यांच्यासोबत डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. तंजावर शैलीचे जे चित्रकार देवादिकांची सुवर्णजडित चित्रे काढत, त्या परंपरेतील हातांना येथे लाल झालेला, फूल पडलेला, मोतीबिंदूने पांढरा झालेला डोळा जसाच्या तसा काढायचा होता. त्यात सोन्याचा वर्ख नाही. आहे ते केवळ निरीक्षण.

राजे शस्त्रक्रियेची उपकरणे सोबत बाळगत आणि स्वतः मोतीबिंदू काढत, अशी परंपरागत समजूत आहे. अभ्यासकांपैकी काहींच्या मते यांतील बहुतेक शस्त्रक्रिया मॅकबीन या ब्रिटिश शल्यवैद्याने केल्या असाव्यात. यातील खरेखोटे इतिहासकार ठरवतील. पण रुग्णांची व्यवस्था करणे, नोंदी लिहवून घेणे, चित्रे काढवणे आणि हे सारे जपून ठेवणे, याचे श्रेय राजांचेच आहे.

त्या काळी मोतीबिंदूचा उपचार म्हणजे काय होते, हेही पाहिले पाहिजे. सुश्रुताच्या काळापासून चालत आलेली पद्धत अशी, की सुई घालून गढूळ झालेले भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला ढकलायचे. भिंग बाहेर काढण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये रूढ होऊ लागली होती. भूल देण्याची विद्या अजून जन्माला यायची होती. रोगजंतूंची कल्पनाही कोणाला नव्हती. रुग्ण जागा असे आणि त्याचे डोके दोघांनी धरून ठेवलेले असे. अशा वेळी यश किती आणि अपयश किती, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हाच पुढच्या वैद्याला शहाणे करण्याचा एकमेव मार्ग होता.

याच सुमारास, १८१९ साली, मद्रासला डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. लंडनच्या मूरफील्ड्‌स रुग्णालयानंतरचे हे जगातील सर्वांत जुने नेत्ररुग्णालय मानले जाते. एग्मोरमधील ते रुग्णालय आजही गोरगरिबांची सेवा करते. म्हणजे एकाच तमिळ मुलुखात, एकाच दशकात, कंपनीच्या शहरात आणि मराठी राजाच्या वाड्यात डोळ्यांवर पद्धतशीर काम चालू होते.

डोळ्याच्या पुढची वाट

प्रत्येक काळातील नेत्रवैद्यांना एक कोडे पडत आले आहे. मोतीबिंदू दूर झाला, बाहुली स्वच्छ काळी दिसू लागली, तरीही काही रुग्णांना दिसत नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्यांच्या बाबतीत तर हे फार घडते. पडदा दूर झाला, खिडकी उघडली, प्रकाश आत आला. मग अडले कुठे? तंजावरच्या नोंदवह्या डोळ्यापाशी थांबतात, कारण त्या काळचे ज्ञानच तेथे थांबत होते. पुढची वाट मेंदूत जाते, आणि ती उलगडायला आणखी दीडशे वर्षे लागली.

आपल्या प्रत्येक डोळ्यामागून सुमारे दहा लाख मज्जातंतूंची एक दोरी मेंदूकडे जाते. बाळ आईच्या पोटात असतानाच हे तंतू दृष्टिपटलातून निघतात आणि वाट शोधत पुढे सरकतात. त्यांच्या टोकाशी हाताच्या पंजासारखा हलता शेंडा असतो. स्पेनचे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये ओळखला. वाटेत दोन्ही डोळ्यांच्या दोऱ्या एका चौकात भेटतात. तेथे नाकाकडच्या बाजूचे तंतू ओलांडून पलीकडे जातात आणि कानशिलाकडचे आपल्याच बाजूला वळतात. पुढे मेंदूत पोहोचल्यावर प्रत्येक तंतू आपल्या नेमक्या जागी जाऊन जोडला जातो. शेजारच्या दोन बिंदूंचे तंतू मेंदूतही शेजारीच बसतात, म्हणूनच जग आपल्याला विस्कटलेले न दिसता सलग दिसते.

ही जागा कोण दाखवतो? विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील रॉजर स्पेरी यांनी बेडकांवर प्रयोग केले. बेडकाची कापलेली नेत्रचेता पुन्हा वाढते. स्पेरी यांनी चेता कापून डोळाच उलटा फिरवून बसवला. तंतू पुन्हा वाढले, दृष्टी परतली. पण माशी वर दिसली की बेडूक खाली झेप घेऊ लागला, आणि ती चूक त्याने कधीच सुधारली नाही. तंतू शिकून नव्हे, तर मुळातच ठरलेल्या रासायनिक खुणेने जुन्या जागी परत गेले होते, असा त्याचा अर्थ. १९९५ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतील दोन गटांनी त्या खुणा शोधून काढल्या. एफ्रिन नावाची ती प्रथिने आहेत. ती तयार करण्याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते.

त्यांचे काम समजायला घरातलाच दाखला पुरेल. चुलीजवळ धूर दाट असतो, दूर विरळ. ज्याला धूर मुळीच सोसत नाही तो दाराशी बसतो, ज्याला थोडा सोसतो तो मधे आणि ज्याला काहीच वाटत नाही तो चुलीपाशी. कोणीही जागा नेमून दिलेली नसते, तरी सर्वजण क्रमाने बसतात. मेंदूच्या त्या भागात एफ्रिन एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असते. कानशिलाकडच्या दृष्टिपटलातून आलेल्या तंतूंना ते फार बोचते, म्हणून ते विरळ टोकाशीच थांबतात. नाकाकडचे तंतू दाट भागापर्यंत जातात. माणसाची जनुके सुमारे वीस हजार. मेंदूतील जोडण्या अब्जावधींच्याही पुढे. एकेका जोडणीचा पत्ता जनुकांत लिहिणे शक्यच नव्हते. म्हणून निसर्गाने पत्ते लिहिले नाहीत, नियम लिहिले.

नियम बिघडला की वाट चुकते. अल्बिनिझम असलेल्या, म्हणजे त्वचा, केस आणि डोळे यांत जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींमध्ये त्या चौकात आपल्या बाजूला वळायचे अनेक तंतू पलीकडे निघून जातात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांचा मेळ नीट बसत नाही आणि खोलीचा अंदाज कमी येतो. रंगाचे जनुक आणि वाटेचे वळण यांचा असा संबंध असेल, हे शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

परंतु जनुकांचे काम येथे संपते आणि दुसरे सुरू होते. जनुकांनी आखलेली वाट कच्ची असते. ती पक्की होते वापराने. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर दाखवले, की जन्मानंतरच्या ठराविक काळात एक डोळा झाकून ठेवला, तर पुढे तो उघडला तरी मेंदू त्याचे ऐकत नाही. त्याच्या जागा दुसऱ्या डोळ्याच्या तंतूंनी व्यापलेल्या असतात. १९८१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि स्पेरी यांना मिळून दिले गेले. जुन्या नेत्रवैद्यांच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाची खिडकी उघडली, पण फार उशिरा.

पालकांसाठी यात एक अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. बाळाची बाहुली पांढुरकी दिसली, डोळा तिरळा वाटला, किंवा मूल वस्तू एकाच डोळ्याने पाहत असेल, तर मोठेपणी सुधारेल म्हणून थांबू नये. जन्मजात दाट मोतीबिंदूचा उपचार पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत व्हावा लागतो. आळशी डोळ्याचा उपचार शाळेच्या पहिल्या वर्षांत झाला तर सर्वाधिक फळ देतो. शाळेतील नेत्रतपासणी हा उपचाराचा नव्हे, वेळ गाठण्याचा प्रश्न आहे.

सरफोजी अंधाऱ्या खोलीत कोंडले गेले तेव्हा त्यांचे शैशव संपलेले होते. दृष्टीच्या वाटा पक्क्या झाल्या होत्या. त्यामुळे डोळे वाचले. वाचायचे राहिले होते ते शिक्षण, आणि तेही मद्रासने वाचवले.

पुन्हा चेन्नईकडे

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. लाव्हाझिये, लिनियस, ब्यूफों यांच्या शास्त्राविषयी सहज बोलणारा हा हिंदुस्थानी राजा पाहून ते चकित झाले. शेवटपर्यंत राजांचा दिनक्रम वाचन, संग्रह आणि वैद्यक यांत गेला. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला अफाट जनसमुदाय लोटला होता असे वर्णन आहे. त्यांचे पुत्र शिवाजी यांचा १८५५ मध्ये वारसाशिवाय अंत झाला आणि तंजावरची गादी कंपनीने खालसा केली. वाडा, शस्त्रे आणि संपत्ती यांची वाताहत झाली. ग्रंथालय मात्र राहिले.

२००३ साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ आणि त्यांचे सहकारी डॉ. ज्योतिर्मय बिस्वास यांना भोसले घराण्याच्या वंशजांकडून या नेत्ररुग्णांच्या नोंदींची माहिती मिळाली. आजच्या नेत्रतज्ज्ञांनी ती जुनी पाने वाचली, चित्रांवरून रोग ओळखले आणि वैद्यकीय नियतकालिकांतून ते जगासमोर मांडले. दोनशे वर्षांपूर्वी वेपेरीत शिकलेल्या विद्यार्थ्याची वही जणू त्याच शहरात तपासली गेली. चांगली नोंद म्हणजे काय, याची याहून निराळी व्याख्या नको. लिहिणारा गेल्यावरही, त्याला ठाऊक नसलेल्या शास्त्राच्या जाणकाराला जी वाचता येते, ती चांगली नोंद.

आणि काम थांबलेले नाही. चेन्नईतच, भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मेंदू केंद्राने २०२४ मध्ये गर्भातील मानवी मेंदूचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूच्या पाच हजारांहून अधिक पातळ छेदांची चित्रे घेऊन तो रचला आहे. त्याचे नाव धरणी, आणि तो जगातील कोणाही अभ्यासकाला विनामूल्य पाहता येतो. तंजावरच्या चित्रकाराने कुंचल्याने एकेक डोळा काढला. येथे यंत्राने एकेक छेद टिपला. साधने बदलली, पण नीट पाहावे, जसे दिसले तसे नोंदवावे आणि पुढच्यासाठी खुले ठेवावे, ही रीत तीच आहे.

आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या साठ वर्षांत येथून किती विद्यार्थी गेले आणि त्यांतील किती जण पुढे काय झाले, याचा हिशेब या स्मरणिकेत इतरत्र आहे. पण शाळा विद्यार्थ्याला खरोखर काय देते, हे पाहायचे असेल तर सरफोजीराजांकडे पाहावे. जन्माने त्यांना वंश दिला, दत्तविधानाने हक्क दिला, तहाने तो हक्क काढून घेतला. शिकलेले तेवढे कोणालाही काढून घेता आले नाही. मेंदूतील वाटांचेही असेच आहे. जनुके वाट आखून देतात, पण ती पक्की होते योग्य वेळी मिळालेल्या प्रकाशाने. तो प्रकाश वेळेवर मिळेल याची काळजी घेणे हे घराचे आणि शाळेचे काम. मद्रासने एका मुलासाठी ते केले, आणि त्या मुलाने पुढे आपल्या तंजावरसाठी केले.